मोठ्या टीव्हीवर गटाचा हिशेब

आम्ही शिनोलीहून बोलतोय. घोडेगावहून डिंभ्याकडे, भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की येतं ते शिनोली. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय बचत गटाचं काम आहे का? विषय टीव्हीचा आहे. मालिकांचा नव्हे. घरातला, शाळेतला किंवा समाजमंदिरातला मोठा टीव्ही कॉम्प्युटरला जोडायचा आणि त्यावर गटाचा हिशेब सगळ्यांनी मिळून बघायचा, हे कसं करायचं ते आज सांगतोय.

आधी कशासाठी ते सांगतो. गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी. पहिल्या चार गोष्टी सगळ्याजणी मिळून करतात. पाचवी एकटी करते. बाकीच्या तिच्या खाली घातलेल्या मानेकडे बघत बसतात.

वही होती तेव्हा ती निदान हातोहात फिरायची. अक्षरओळख नसलेल्या आजीसुद्धा आपल्या नावाच्या पानावर बोट ठेवून विचारायच्या, "माझं किती झालं गं?" आता नोंदी मोबाईलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये जायला लागल्या. नाबार्डनं २०१५ साली ईशक्ती प्रकल्प सुरू केला, त्यात गटांचे हिशेब कॉम्प्युटरवर आले. उमेद अभियानात लोकओएस ॲप आलं. त्यानं बँकेला गटाचा व्यवहार लवकर कळतो, कर्जाचं प्रकरण पुढं सरकतं. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण पडदा झाला तळहाताएवढा. दहा-बारा जणींनी त्यात डोकी घालायची कशी? चष्मा घरी राहिलेला असतो, ऊन पडलेलं असतं, आणि मोबाईल दुसरीच्या हातात असतो. मग सगळ्या म्हणतात, "तू बघितलंस ना, मग बरोबरच असेल." आणि सही करून मोकळ्या होतात.

नोंद करणारी बाई प्रामाणिक असली तरी हे बरं नाही. उलट प्रामाणिक असेल तिलाच याचा जास्त त्रास. सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, मी जास्त भरले होते, आणि ती बिचारी एकटी पडते. सगळ्यांनी आकडा तिथंच, त्याच वेळी बघितला असेल तर तिच्या पाठीशी दहा साक्षीदार असतात.

म्हणून मोठा पडदा. आता प्रोजेक्टर का नको, असं कुणी विचारेल. प्रोजेक्टरला अंधार करावा लागतो, आणि आपल्या बैठका दुपारी, दारं उघडी टाकून होतात. त्याचा दिवा महाग. टीव्ही मात्र बऱ्याच घरांत आधीच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतही आहे. २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, तेव्हापासून कितीतरी शाळांनी गावाच्या वर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर घेतले. त्या वर्गणीत आपलेही पैसे आहेत. शाळा सुटल्यावर किंवा रविवारी तासभर टीव्ही वापरू द्या, असा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीकडं करायला काय हरकत आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे त्यातली एखादी तरी आपल्या गटातली निघतेच.

टीव्हीला कॉम्प्युटर जोडणं ही काही नवी गोष्ट नाही. १९८२ साली परदेशात झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा कॉम्प्युटर निघाला होता, तो घरच्या टीव्हीलाच जोडायचे. पण त्याचं चित्र २५६ आडव्या आणि १९२ उभ्या ठिपक्यांचं. एका ओळीत ३२ इंग्रजी अक्षरं बसायची. त्यात आपलं "श्री" कुठून बसणार? पुढं टीव्ही मोठे झाले तरी बरीच वर्षं अक्षरं फुटायची, म्हणून कॉम्प्युटरला वेगळा मॉनिटर घ्यायचा ही रीत पडली.

आता फरक कशानं पडला ते समजून घेऊ. टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं, रांगोळीसारखं. साध्या एचडी रेडी टीव्हीत आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, म्हणजे साधारण साडेदहा लाख. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. आणि ज्याला फोर के म्हणतात त्यात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. फुल एचडीच्या बरोबर चौपट.

हे डोळ्यांपुढं आणायचं तर असं बघा. ऑफिसात टेबलावर साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर असतो ना? तसे चार मॉनिटर, दोन खाली आणि दोन वर, मध्ये चौकट न ठेवता जोडले की एक ४३ इंची फोर के टीव्ही होतो. ठिपक्यांची बारीकीही तेवढीच राहते. तेच ४३ इंच पण फुल एचडी असेल, तर प्रत्येक ठिपका दुप्पट जाड. लांबून सिनेमा बघताना कळत नाही. हिशेब वाचताना कळतं.

आणि देवनागरीत तर जास्तच कळतं. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. जाड ठिपक्यांच्या पडद्यावर अनुस्वार मात्रेत मिसळतो, "१" आणि "९" सारखे दिसतात, "३" आणि "६" मध्ये गोंधळ होतो. नावात एखादा अनुस्वार राहिला तर फार बिघडत नाही. पण १०० चे ९०० वाचले गेले तर गटात भांडण लागतं.

आता एक उदाहरण सांगतो. मोठ्या पडद्याचा उपयोग काय असं आम्हाला कुणी विचारलं की आम्ही हेच सांगतो. समजा, एका ताईनं गटातून १२,००० रुपये कर्ज घेतलं. महिना दोन टक्के व्याज, बारा महिन्यांत फेड, दर महिन्याला मुद्दल १,००० रुपये. व्याज किती होईल?

काही ठिकाणी सरळ असं धरतात की १२,००० चे दोन टक्के म्हणजे २४०, आणि २४० गुणिले बारा म्हणजे २,८८०. याला फ्लॅट व्याज म्हणतात. पण ती ताई दर महिन्याला हजार रुपये परत करतेय. दुसऱ्या महिन्यात तिच्याकडं ११,००० च उरलेत, मग व्याज १२,००० वर का? उरलेल्या रकमेवर धरलं तर पहिल्या महिन्याला २४०, दुसऱ्याला २२०, तिसऱ्याला २००, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला २० रुपये. सगळी बेरीज १,५६०. दोन्हींत फरक १,३२० रुपयांचा.

हे तोंडी सांगितलं की बायका मान हलवतात आणि विसरतात. पडद्यावर बारा ओळी एकाखाली एक मांडल्या, एका रकान्यात २४०, २४०, २४०, आणि शेजारच्या रकान्यात २४०, २२०, २००, की पाटीवर शिकवल्यासारखं दिसतं. आकडा कसा उतरतो ते वाचता न येणाऱ्या आजीलाही कळतं, कारण नोटा मोजायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मग प्रश्न येतात. "आपल्या गटात कोणतं धरतो?" "त्या फायनान्सवाल्यानं मला कोणतं धरलं होतं?" या प्रश्नांची उत्तरं गटानं आपापल्या ठरावात बघावीत. काही गट ठरवून फ्लॅट व्याज घेतात, कारण ते व्याज शेवटी गटातच राहतं. तेही चालेल, पण मग सगळ्यांना ते माहीत असू द्या.

आता जोडायचं कसं. टीव्हीच्या मागं किंवा बाजूला एक चपटी, खालचे दोन कोपरे कापल्यासारखी खाच असते. ती एचडीएमआय. सेटटॉप बॉक्सची वायर बहुतेक तिथंच असते. लॅपटॉपलाही बऱ्याचदा तशीच खाच असते. दोन्हींमध्ये केबल लावायची, रिमोटवर सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून ती एचडीएमआय निवडायची. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबायचं. "डुप्लिकेट" निवडलं की दोन्हीकडं तेच दिसतं. "एक्स्टेंड" निवडलं की लॅपटॉपवर वेगळं आणि टीव्हीवर वेगळं ठेवता येतं. हे एक्स्टेंड लक्षात ठेवा, त्याचं काम पुढं आहे.

चित्र आलं तरी काम संपत नाही. टीव्ही हा टीव्हीसारखा वागतो. पहिली अडचण कडांची. काही टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतात, मग वरची आणि डावीकडची ओळ गायब. रिमोटच्या मेनूत चित्राचा आकार बदलायची जागा असते. तिथं "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" किंवा तशाच नावाचा पर्याय निवडला की पूर्ण पान दिसतं. दुसरी अडचण रंगाची. सिनेमासाठी टीव्ही रंगाची माहिती आखडती घेतो, चार ठिपक्यांना मिळून एकच रंग देतो. माणसाचा चेहरा त्यात छान दिसतो, पण लाल अक्षर पुसल्यासारखं होतं. आणि आपण तर थकबाकी लालमध्येच लिहितो! बऱ्याच टीव्हींत त्या एचडीएमआयचं नाव बदलून "पीसी" केलं की प्रत्येक ठिपक्याला आपापला रंग मिळतो. तंत्रवाले याला फोर-फोर-फोर म्हणतात. शार्पनेस कमी करा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी किनार येते. चित्र गुळगुळीत करायची जी सोय असते ती बंद करा.

तिसरी अडचण माऊसची. बाण ओढल्यासारखा, अडखळत चालतो. त्याचं कारण बहुधा जुना लॅपटॉप किंवा जुनं एचडीएमआय. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत फोर के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. २०१३ मध्ये २.० आवृत्ती आली, तेव्हापासून ६० वेळा बदलू लागलं. नुसतं पान दाखवायला ३० चालतं. रोज बसून नोंदी करायच्या असतील तर ६० हवं. काही टीव्हींत एखादीच खाच ६० ची असते, आणि तीही सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. केबल शक्य तेवढी आखूड घ्या, दोन-तीन मीटरची. लांबलचक स्वस्त केबलवर चित्र मध्येच जातं, आणि बिघाड टीव्हीत आहे असं वाटून आपण उगाच कारागिराला बोलावतो.

मोबाईल थेट जोडता येईल का, हे सगळ्याजणी विचारतात. तारेशिवाय पडदा दाखवायची सोय बऱ्याच फोनमध्ये आहे, ती टीव्हीतही असेल तर चालतं. तारेनं मात्र प्रत्येक फोन जोडता येत नाही. चार्जिंगच्या खाचेतून चित्र बाहेर द्यायची सोय स्वस्त फोनमध्ये बहुधा नसते. वायर घ्यायच्या आधी दुकानात आपला फोन लावून बघा.

टीव्ही आधीच घरात असेल आणि तो फोर के नसेल, तर एवढ्यासाठी नवा घेऊ नका. फुल एचडीवरसुद्धा अक्षर मोठं करून बैठक होते. कंट्रोलचं बटण दाबून धरून माऊसचं चाक फिरवलं की आकडे मोठे होतात. मागच्या ओळीतल्या बाईला, म्हणजे आठ-दहा फुटांवरून, वाचता आलं पाहिजे, ही खूण. फोर केचा खरा फायदा पडद्याजवळ बसून काम करणारीला. लेखापालाला किंवा ग्रामसंघाच्या हिशेबनीस ताईला बारा महिन्यांचे रकाने आणि वीस-पंचवीस सभासदांची नावं पान न सरकवता एका नजरेत दिसतात. ग्रामसंघाला ऑफिससाठी पडदा घ्यायचाच असेल, तर मॉनिटरऐवजी ४३ इंची फोर के टीव्हीचा विचार जरूर करावा. दोन्ही कामं होतात. पण तोच पडदा हातभर अंतरावर ठेवून बसलात तर मान दुखेल. तो साडेतीन फूट रुंद नसला तरी तीन फुटांच्या वर आहे, डावीकडून उजवीकडं मान फिरवत राहावी लागते. टेबल भिंतीपासून पुढं ओढा, पडद्याचा उजेड कमी करा, आणि भिंतीवर देव्हाऱ्याच्या उंचीला टांगू नका. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. ५५ इंची पडदा सभागृहाला ठीक, टेबलावर नको.

घ्यायला गेलात तर दुकानात डोंगर, फुलं आणि धबधबे दाखवतात. त्यावरून काहीच कळत नाही. आपला लॅपटॉप घेऊन जा, आपल्याच गटाचं पान उघडा, निळ्या रंगावर लाल अक्षरात चार नावं लिहा आणि बघा. खोक्यावर ३८४० गुणिले २१६० हा आकडा आहे का ते वाचा. नुसतं "फोर के चालतं" असं लिहिलं असेल तर फसगत होऊ शकते. तो टीव्ही फोर केचं चित्र घेतो, पण दाखवतो स्वतःच्या कमी ठिपक्यांत.

विजेचं काय? टीव्हीवरच्या ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतात ते लिहिलेलं असतं. शंभर वॅटचा टीव्ही दहा तास चालला तर एक युनिट होतं, म्हणजे महिन्याच्या बैठकांचा खर्च किरकोळ. खरी अडचण लाइट जाण्याची. आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको. म्हणून टेबलावरच्या कॉम्प्युटरपेक्षा लॅपटॉप बरा. लाइट गेली तर टीव्ही बंद पडेल, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील आणि अर्धी राहिलेली नोंद जाणार नाही. विजा चमकायला लागल्या की पिन काढून ठेवा, केबलसुद्धा.

हाच पडदा दुसऱ्या कामालाही येतो. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा बघता येतो हे आपल्याला माहीत आहे. मोबाईलवर तो बघताना डावीकडचं नाव बघावं तर उजवीकडचे इतर अधिकार दिसत नाहीत. मोठ्या पडद्यावर सगळा उतारा एकदम समोर येतो. आपलं नाव कुठं आहे, आहे की नाही, बोजा कुणाचा आहे, हे तिथं बसून चार जणींना विचारून समजून घेता येतं.

आता त्या एक्स्टेंडची गोष्ट. पडदा मोठा झाला की जे लपवायचं तेही मोठं होतं. बँकेचा पासवर्ड, मोबाईलवर आलेला ओटीपी, आधारचा पूर्ण नंबर टीव्हीवर येता कामा नये. एक्स्टेंड केलं की ही कामं लॅपटॉपच्या पडद्यावर करायची आणि फक्त हिशेबाचं पान टीव्हीवर सरकवायचं. मोबाईलचा पडदा दाखवत असाल तर आधी नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर आपले खासगी निरोप भिंतीवर झळकतात.

याहून नाजूक गोष्ट थकबाकीची आहे. गटातल्या गटात कुणाकडं किती बाकी आहे हे सगळ्यांना माहीत असावंच, तो गटाचा हक्क आहे. पण टीव्ही कुणाच्या घरात आहे हे बघा. बैठक एखाद्या ताईच्या ओटीवर असेल, आत सासरे बसलेत, दारात शेजारचे उभे आहेत, आणि भिंतीवर लाल अक्षरात एका बाईचं नाव आणि रक्कम. तिनं नवऱ्याला न सांगता मुलीच्या फीसाठी कर्ज घेतलेलं असू शकतं. तिला गटात बोलावं लागलं तरी ती सोसेल, पण हे नाही सोसणार. म्हणून आम्ही गटांना सांगतो, परक्या माणसांची ये-जा असलेल्या जागी नावाऐवजी सभासद क्रमांक ठेवा, किंवा प्रत्येकीनं आपल्यासाठी एक चित्र निवडावं. एखादीचं हिरड्याचं पान, एखादीची घागर, एखादीचा विळा. अक्षरओळख नसलेल्या आजींना याचा दुहेरी फायदा होतो. आपली ओळ त्यांना आपली आपण सापडते.

टीव्ही चालू असला तरी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची, हे सोडू नका. ज्या ओळीवर आहोत ती पिवळी करायची, रक्कम वाचायची, त्या बाईनं "बरोबर" म्हणायचं, मग पुढची ओळ. आणि तिनं "बरोबर" म्हटल्यावर तोच आकडा तिथल्या तिथं तिच्या पासबुकात पेननं लिहायचा आणि सही घ्यायची. टीव्ही बंद केला की पडदा काळा होतो. पासबुक तिच्या ट्रंकेत राहतं. दोन्हींचा आकडा पुढच्या बैठकीला पुन्हा ताडून बघायचा.

केबल कुठली घ्यायची, टीव्हीत "पीसी" कुठं सापडतं, असं काही अडलं तर आपापल्या प्रभागातल्या सीआरपी ताईंना विचारा, त्यांनाही नसेल माहीत तर दोघी मिळून शोधा. किंवा सरळ घरातल्या नववी-दहावीच्या मुलीच्या हातात रिमोट द्या.